उत्तर नव्हे, उतार

मी तिथे चित्रं बघायला गेलेच नव्हते. माप घ्यायला गेले होते. कोरेगाव पार्कातल्या एका जुन्या बंगल्याचं कलादालन केलं आहे. त्याच्या मागच्या अंगणावर कापडी छत हवं होतं. फोनवरच्या मुलीने आधीच बजावलं होतं की छत अगदी सपाट हवं, आर्किटेक्टची तशी इच्छा आहे. मी म्हटलं, आर्किटेक्टची इच्छा आणि पावसाचं पाणी यांचं एकमत होत असेल तर माझी हरकत नाही. मग टेप आणि वही घेऊन गेले.

अंगणाकडे जायला मोठ्या दालनातून जावं लागतं. आत शिरले आणि जवसाच्या तेलाचा वास आला. चाळीस वर्षांपूर्वी वाळलेल्या तेलाला वास राहत नाही, हे मला धंद्यामुळे नीट ठाऊक आहे. तरी आला. समोरची सगळी भिंत व्यापून एक चित्र होतं. लोक अशा चित्रात आधी रंग बघतात. मी शिवणी बघितल्या. तीन-तीन फुटांचे चार आडवे पट्टे, त्यांना जोडणाऱ्या तीन शिवणी, प्रत्येक शिवणीला दोऱ्याच्या दोन रांगा आणि रांग संपते तिथे तीन उलटे टाके. असे तीन टाके पुण्यात एकच माणूस घालायचा. आमच्या कारखान्यात शिलाई करणारे काशिनाथकाका.

दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की चित्र उलटं टांगलंय.

बाजूला पाटी होती. वर नाव, ‘उत्तर – ३’. खाली मजकूर. अमेरिकेतल्या अमूर्त चित्रकारांच्या त्या गाजलेल्या पिढीतली ही बाई न्यूयॉर्कचा संघर्ष मागे टाकून भारतात आली, इथे तिला शांतता लाभली, आणि या मालिकेचं मराठी नाव म्हणजे तिला गवसलेलं उत्तर. खालून वर झेपावणारा भगवा रंग म्हणजे आत्म्याचं ऊर्ध्वगमन. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोष चष्म्याचा नव्हता.

आत्मा वगैरे राहू दे. तो भगवा म्हणजे गेरू होता. भवानी पेठेतल्या वाण्याकडून पुडीत बांधून मीच आणून दिलेला.

आमचा कारखाना तेव्हाही भवानी पेठेतच होता. ताडपत्र्या, तंबू, ट्रकची आच्छादनं. आता बहुतेक काम प्लॅस्टिकचं झालंय. हलकं, निळं आणि दोन वर्षांत चिंध्या होणारं. तेव्हा सगळं सुती कॅनव्हास असे. फेब्रुवारीत हंगाम सुरू व्हायचा. उन्हाळा म्हणजे इतर घरांत आंबे, आमच्याकडे मेण. मोठ्या कढईत मेण आणि जवसाचं तेल तापत ठेवलेलं असे, आणि तो वास कपड्यांना, केसांना, वह्यांना लागे. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची की तुझ्या गणितालासुद्धा वास येतो. मशीन सकाळी आठला सुरू होई. जाड कापडातून सुई जाताना टकटक होत नाही, घुमल्यासारखा आवाज येतो. तो थांबला की आम्हाला कळायचं, काशिनाथकाका चहाला उठले.

ती आली त्या वासाच्या मागावर. दुकानाच्या दारात उभी राहून तिने स्वयंपाकघराच्या दारात घ्यावा तसा एक मोठा श्वास घेतला. उंच, पन्नाशी उलटलेली, पांढरे केस रबरबँडने बांधलेले, अंगात रंगाचे डाग पडलेली पुरुषी पँट. नाव नोरा. तिला रुंद कापड हवं होतं, भिंतीएवढं, आणि मध्ये शिवण नको होती. आमच्याकडे कापड तीन फुटी पन्ह्याचं. माझे वडील, म्हणजे आप्पा, बिलापुरतं इंग्रजी बोलत. ते म्हणाले, “जॉइंट येणार.” ती म्हणाली, “नो जॉइंट.” आप्पा म्हणाले, “मग कापडही नाही,” आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. पुण्यातलं दुकान होतं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. जॉइंट चालेल म्हणाली.

पुढे ती सहा वर्षं येत राहिली. मी चौथीत होते तेव्हापासून नववीपर्यंत. ती पुण्यात मुळात का आली, ते मला कधी कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. शहराने मात्र परस्पर ठरवून टाकलं होतं. गोरी बाई, एकटी, पुण्यात, म्हणजे आश्रमवाली. ती रिक्षात बसली की रिक्षावाले पत्ता न विचारता कोरेगाव पार्काची वाट धरत. ती छतावर थापा मारून रिक्षा थांबवायची आणि मोठ्याने “हडपसर” म्हणायची. आता तिचं चित्र कोरेगाव पार्कात लागलंय. शेवटी नेलंच म्हणायचं.

ती मराठी शिकली आमच्या कारखान्यात, त्यामुळे तिचं सगळं मराठी हुकमाचं होतं. ओढ. ताण. सोड. उलट. थांब. कृपया हा शब्द तिला आला नाही, कारण आमच्याकडे तो कोणी वापरत नसे. आई जेवणाचा डबा घेऊन आली की आतून हाक मारायची, “अहो.” आप्पा वळून बघायचे. नोराबाईंनी त्यावरून सरळ अर्थ काढला. महिनाभर त्या आप्पांना अहो म्हणून हाक मारत होत्या, चारचौघांत, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने. आप्पा ओ द्यायचे आणि लाल व्हायचे. एक दिवस आईने पोळीचा डबा टेबलावर जरा जोरात ठेवला आणि म्हणाली की हे नाव माझ्यापुरतं आहे, सांगा त्यांना. सांगितल्यावर नोराबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. त्या दिवसापासून आईचं आणि त्यांचं जमलं.

मेण लावलेलं कापड वाळवायला मोकळी जागा लागते. आप्पांनी हडपसरच्या पुढे मांजरी गावाला उसाच्या मळ्यांमध्ये एक माळ भाड्याने घेतला होता, त्यावर एक पत्र्याची शेड होती. ती नोराबाईंनी घेतली. सुट्टीत मी आप्पांबरोबर तिथे जायची. हिवाळ्यात उसाला तुरे आलेले असत, सगळं शिवार पांढुरकं दिसे. कुठेतरी गुऱ्हाळ पेटलेलं असे आणि गुळाच्या वासात आमच्या जवसाचा वास मिसळे. त्या मिश्रणाला नाव नाही. असतं तर मी माझ्या मुलीला सांगू शकले असते. उन्हाळ्यात शेडचा पत्रा तापून टण टण वाजे आणि संध्याकाळी निवताना पुन्हा वाजे, वेगळ्या सुरात. गुऱ्हाळाच्या चुलीजवळ रचलेल्या चिपाडांत साळुंक्या नाचत. पाटाच्या पाण्यात नोराबाई ब्रश धूत, आणि खालच्या वाफ्यातलं पाणी निळं होई. ऊसवाल्याने एकदा विचारलं की ऊस निळा झाला तर साखर कारखाना घेईल का. त्या म्हणाल्या, घेणार. त्यांना प्रश्न कळला नव्हता.

काम सुरू करण्याआधी त्या अनवाणी कापडाभोवती एक फेरी मारत. मोठ्याने आकडे म्हणत, एक, दोन, तीन, आमच्याकडून शिकलेले, चोवीसपर्यंत. चोवीस पावलांत फेरी झाली पाहिजे. पंचवीस झाली तर परत पहिल्यापासून. रंग भुकटीचे. गेरू, कपड्यांना घालायची नीळ, काजळी, पिवळी पेवडी. आमच्याच पिंपातलं जवसाचं तेल. दोन्ही हातांत दोन डबे घेऊन त्या ओतत चालायच्या, आणि मी कड धरून उभी. बोलायचं नाही, शिंकायचं नाही. माळाशेजारी पाराबाई नावाची शेतकरीण होती. ती कमरेवर कळशी घेऊन दारात थांबायची. एकदा म्हणाली, “बाई, ह्ये वाळत घातलंय का सांडलंय?”

नोराबाईंनी मला सांडलंय शब्दाचा अर्थ विचारला. कळल्यावर म्हणाल्या, “दोन्ही हाय.”

आता उताराचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलंय.

न्यूयॉर्कमध्ये त्या वीस-पंचवीस वर्षं कापड जमिनीवर सपाट पसरून रंग ओतत आल्या होत्या. मांजरीच्या उन्हाळ्यात ते जमेना. रंगाची तळी व्हायची, वर साय धरायची, आत ओलं राहायचं आणि आठवड्याने सगळं फाटायचं. त्यांनी तीन कापडं वाया घालवली. काशिनाथकाका दर वेळी नवं कापड शिवून आणत, दारात उभे राहून बघत आणि काही न बोलता जात. ते कोणाच्या कामात बोलत नसत. चौथ्या वेळी मात्र बोलले. म्हणाले, “उतार द्या, बाई. साचू देऊ नका.”

ताडपत्री तपासताना आम्ही तेच करतो. सपाट ठेवली की पाणी साचतं आणि कापड कुजतं. काकांनी कापडाखालच्या फळ्यांच्या चौथऱ्याच्या एका बाजूला विटा सरकवल्या. उतार कमी पडला तेव्हा नोराबाईंनी आतून कागदांचा एक गठ्ठा आणून विटेखाली घातला. न्यूयॉर्कच्या एका चित्रविक्रेत्याची पत्रं होती ती. छोटी निळी चित्रं पाठव, ती दिवाणखान्यात खपतात, असं तो दर महिन्याला लिहायचा. त्याची पत्रं एकदा तरी कामाला आली, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी गेरू ओतला. रंग सावकाश निघाला, जसा काही त्याला विचार करायचा होता. पहिल्या शिवणीशी आला, दीड इंचाच्या पायरीवरून ओघळला, खाली पातळ झाला आणि पुढे गेला. शिवणीखाली एक बारीक सावली राहिली, तिथे रंग पोचला नव्हता. नोराबाई गुडघ्यांवर बसून ती सावली बघत राहिल्या. ज्या शिवणीपायी पहिल्या दिवशी दुकानातून निघून गेल्या होत्या, तीच. मग त्यांनी काकांना विचारलं, ह्याला काय म्हणता? काका म्हणाले, उतार.

त्यांना तो शब्द भिंतीवर लिहून ठेवायचा होता. काकांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. मी पाचवीत होते, इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं, आणि मला सगळं येत असे. मी तोऱ्यात स्पेलिंग सांगितलं. यू, टी, ए, आर. त्यांनी कोळशाने पत्र्यावर लिहिलं, मोठ्या अक्षरांत. पुढच्या सहा चित्रांना तेच नाव दिलं आणि आकडे घातले. एक ए कमी पडला, आणि वाचणाऱ्यांना उतारचं उत्तर करता आलं. तो मी खाल्ला.

त्यांच्या मागच्या आयुष्याबद्दल त्या फार बोलत नसत. जे कळलं ते चहाच्या वेळी, तुकड्यांत. थंडीत न तापणारी एक मोठी खोली होती. आजूबाजूला पुरुष चित्रकार होते, ते दारू पिऊन एकमेकांवर ओरडायचे, आणि त्याच्या बातम्या व्हायच्या. त्या ओरडल्या की त्यांना बाहेर काढायचे. कोणीतरी सल्ला दिला की सहीत फक्त आद्याक्षरं घाल, बाई आहे हे कळलं नाही तर बरं. तेव्हापासून त्या चित्राच्या मागे पूर्ण नाव हातभर मोठ्या अक्षरांत लिहायला लागल्या, जी कड हाताशी येईल तिथे, जशा उभ्या असतील तशा. आप्पांना हे पटायचं नाही. सही खाली उजव्या कोपऱ्यात असावी, चेकवर असते तशी, असं त्यांचं मत होतं.

एकदा इंग्रजी पेपरचा एक माणूस मांजरीला आला. शेडमध्ये घाम पुसत त्याने विचारलं की भारतात तुम्हाला काय सापडलं? नोराबाई म्हणाल्या, चांगलं कापड. तो वही उघडून पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. पुढचं वाक्य आलं नाही. बातमीही आली नाही.

मी नववीत होते तेव्हा त्या गेल्या. पावसाळा संपला होता, उसात पाणी उभं होतं, आणि शेडमध्ये रंगांच्या रिकाम्या डब्यांत डासांच्या अळ्या झाल्या होत्या. सहा चित्रं गुंडाळून आमच्याच ताडपत्रीत बांधली. कोपऱ्यावर दुकानाच्या नावाचा काळा शिक्का. आईने त्यांना लसणाची चटणी दिली. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, “ओढ. ताण.” मग जरा थांबून, “सोड.” गाडी गेल्यावर आम्ही विटा उचलून दुसरीकडे लावल्या. माल पडला होता, जागा लागत होती. त्या पुढे तिकडेच वारल्या, ते बऱ्याच वर्षांनी कळलं.

त्या माळावर आता सोसायटी आहे, पोहण्याच्या तलावासकट. गच्च्यांना उतार नीट दिलेला नाही. दर जूनमध्ये मला फोन येतो.

तर त्या दिवशी अंगणाचं माप घेतलं आणि प्रदर्शन लावणाऱ्या मुलीला भेटायचं आहे असं सांगितलं. तीच फोनवरची मुलगी. शर्वरी नाव, मुंबईची, हुशार, चालताना बोलणारी. मी तिला सांगितलं की नाव चुकलंय आणि चित्र उलटं आहे. तिने माझ्या हातातल्या टेपकडे बघितलं. मग अगदी नम्रपणे सांगितलं की चित्राच्या मागे सही आहे, त्यावरून वरची बाजू ठरते, आणि नावांची यादी खुद्द चित्रकर्तीच्या हातची आहे. अमेरिकेतले एक प्राध्यापक वीस वर्षं तिच्यावर काम करतायत, त्यांचं पुस्तक पुढच्या आठवड्यात छापायला जातंय. “काकू, ॲक्चुअली अमूर्त चित्रात वर-खाली असं फिक्स नसतं.”

मी म्हटलं, “चित्रात नसेल. ताडपत्रीत असतं.”

तिला शिवण दाखवली. वरचा पट्टा खालच्यावर दीड इंच चढलेला असतो, कौलांसारखा. पाणी शिवणीवरून ओघळून पुढे जातं. ताडपत्री उलटी लावली तर तीच शिवण खिशासारखी उघडी राहते आणि पाणी आत घेते. या भिंतीवर तिन्ही शिवणी वर तोंड करून बसल्यात. म्हणजे तुमचा भगवा झेपावत नाही, तो ओघळतोय. ती जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की मला पुरावा लागेल, म्हणजे मला नाही, त्यांना.

शनिवारी मी पुरावा घेऊन गेले. काशिनाथकाका आता शहाऐंशीचे आहेत, हडपसरला मुलाकडे असतात. ऐकायला कमी येतं, त्यामुळे मोठ्याने बोलतात. दालनात पाच-सहा मंडळी हळू आवाजात कुजबुजत होती. काका सरळ चित्राशी गेले आणि शिवणीवर तळवा ठेवला. रखवालदार म्हणाला, आजोबा, हात नको. काका म्हणाले की शिवण माझीच आहे, तुझी नाही. मग दोन पावलं मागे आले, मान वर करून सबंध चित्र बघितलं आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाले, “कोणी टांगलं हे? घरात पाणी येईल.”

शर्वरी हसली. मग हसायची थांबली. त्याच संध्याकाळी तिने प्राध्यापकांशी व्हिडिओवर बोलणं करून दिलं.

माणूस सज्जन होता, हे मी मान्य केलं पाहिजे. पांढरी दाढी, मागे पुस्तकं. मला बघून त्याला खरोखर आनंद झाला. ती सहा वर्षं त्याच्या पुस्तकात कोरी होती. त्याने त्यांना मौनाची वर्षं असं नाव दिलं होतं. मौन! दिवसभर ओढ-ताण ओरडणारी बाई. त्याला आमच्याकडून सगळं हवं होतं. शेड, विटा, गेरू, आप्पा. आणि काशिनाथकाका. त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहीन म्हणाला, फोटोसकट, पूर्ण नावानिशी. छपाई थांबवून ठेवीन. मी माझ्या स्पेलिंगची गोष्ट सांगितली. त्याने ती लिहून घेतली. मग म्हणाला की कलावंत अपघातांचंही सोनं करतात, कदाचित तिला दोन्ही अर्थ आवडले असतील.

मी म्हटलं की उत्तर हा शब्द तिला येतच नव्हता. ती प्रश्न विचारणारी बाई नव्हती, ती हुकूम सोडायची.

तो हसला, पण मुद्दा सोडला नाही. ती सहाही चित्रं तीस वर्षं याच बाजूने टांगली गेलीत, याच बाजूने छापली गेलीत, ऊर्ध्वगमनावर त्याचं आख्खं प्रकरण उभं आहे. चित्र आणि नाव आहे तसंच राहील. खाली तळटीप देता येईल की एका स्थानिक आठवणीनुसार अर्थ वेगळाही असू शकतो. आठवणी देणार का, ते सोमवारपर्यंत कळवा.

तळटीप! मी छत्तीस वर्षं धंदा करते आहे. गिऱ्हाइकाला उलटं छत घालून द्यायचं आणि कोपऱ्यात लिहायचं की एका मतानुसार गळू शकतं. असं मी कधी केलेलं नाही. अंगणाचं छतही मी उतार देऊनच शिवायला घेतलंय. आर्किटेक्टला सांगितलंय की पटत नसेल तर दुसरीकडे जा.

पण नकार एकटीने कळवता येईना. कारण काकांचं नाव त्यात होतं. आमच्या प्रत्येक ताडपत्रीवर दुकानाचा शिक्का असे. चाळीस वर्षं काकांनी शिवलेल्या हजारो ताडपत्र्या देशभर गेल्या, आप्पांच्या नावाने. त्या शिक्क्यात काशिनाथ हा शब्द नव्हता, हे मला तोवर कधी खटकलं नव्हतं. मालकाच्या मुलीला अशा गोष्टी उशिराच खटकतात. आणि आता अमेरिकेत छापल्या जाणाऱ्या पुस्तकात या माणसाचं नाव येत होतं, तर ते माझ्या हट्टापायी घालवायचं? चूक माझ्या स्पेलिंगची, आणि किंमत त्यांनी मोजायची?

रविवारी सकाळी हडपसरला गेले आणि सगळं जसंच्या तसं त्यांच्यापुढे मांडलं, मोठ्या आवाजात, त्यामुळे शेजारच्यांनाही कळलं. पुस्तक, प्रकरण, फोटो, पूर्ण नाव. सूनबाई दारातून म्हणाल्या की चांगलंच आहे की, नातवंडं बघतील. मी म्हटलं, काका, तुम्ही हो म्हणालात तर मी सगळं सांगते, माझं काही नाही. तळटीप तर तळटीप.

काकांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. चष्मा लावून माझ्या फोनवरचा चित्राचा फोटो बघितला, अंगठ्याने शिवणीवरून जात.

“पुस्तकात असंच छापणार?”

“असंच.”

“आन् खाली माझं नाव.”

“हो.”

त्यांनी चहा संपवला, बशी उलटी करून ठेवली. “नको, ताई. उलट्या ताडपत्रीवर माझं नाव नको. लोकं म्हणतील, काशिनाथला शिवता येत नव्हतं.”

सूनबाई काहीतरी बोलायला लागल्या. काकांना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

मी तिथूनच शर्वरीला कळवलं, त्यांचं वाक्य जसंच्या तसं, एका शब्दाचाही फरक न करता. दोन मिनिटांनी तिचा फोन आला. म्हणाली, काकू, मग ती सहा वर्षं पुस्तकात कोरीच राहतील. मी म्हटलं, राहू देत. चुकीची भरण्यापेक्षा कोरी बरी. मग तिने विचारलं की काकांचं पूर्ण नाव काय, मला माहीत असू दे. मी सांगितलं आणि स्पेलिंगही सांगितलं, या वेळी सगळे ए घालून.

ती वर्षं मी इथे लिहिली आहेत, मराठीत. कापड भवानी पेठेचं, गेरू वाण्याकडचा, जागा मांजरीची. हात नोराबाईंचे. शिवण काशिनाथ सोपान गायकवाड यांची. प्राध्यापकांना हवं असेल तर त्यांनी भाषांतर करून घ्यावं, माझी परवानगी आहे. अट एकच. आधी चित्र फिरवायचं, मग वाचायला बसायचं.